टेकून बसणं

सुनेनं वडीलधाऱ्यांसमोर भिंतीला टेकायचं नाही, अशी आमच्या घरात रीत होती. मी मात्र जळकोटच्या आमच्या दुकानात गादीवर लोडाला रेलून दिवस काढायचो आणि वर संध्याकाळी कंबर धरली म्हणून कण्हायचो. बायको नुकतीच बाळंतपणातून उठली होती. तिची कंबर दुखते हे मला ठाऊक होतं. सगळ्याच बायकांची दुखते, असं म्हणून मी मोकळा व्हायचो.

निजामाचं राज्य संपत आलं होतं आणि गावात राहण्यात राम उरला नव्हता. सोलापूरच्या हद्दीत निघून जायचं ठरलं. मोठ्या रस्त्यानं जायची छाती होईना, म्हणून तामलवाडीच्या अंगानं आडवाट धरली. गडी यायला तयार नव्हता, तेव्हा अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, स्वतःच बैल हाकायला घेतले. मागं आम्ही दोघं, तिच्या मांडीवर पोर आणि कपड्यांची गाठोडी.

ती ताठ बसली होती. गाडी दगडावर आदळली की पोराला सावरायची आणि स्वतःला नुसत्या कमरेवर तोलून धरायची. दुपारपर्यंत तिचा चेहरा पांढराफटक पडला. अप्पांच्या पाठीकडं बघत मी हळूच तिच्या कमरेला हात लावला. कण्याच्या दोन्ही बाजूंचं मांस लाकडासारखं कडक झालं होतं. मी एक गाठोडं तिच्या पाठीशी सारलं आणि टेक म्हणून खुणावलं. ती टेकली. माझा हात अजून तिथंच होता. त्याखालचा तो कडकपणा हळूहळू उतरत गेला, कंबर मऊ पडली. एवढी साधी गोष्ट, आणि संसार करूनही मला कधी कळली नव्हती. तिनं डोळे मिटले.

एवढ्यात अप्पांनी मान वळवली. नुसतं बघितलं. बोलायला मी होतोच.

"नीट बस," मी तिला म्हणालो आणि गाठोडं ओढून घेतलं. अप्पांना पाणी हवं होतं. ते पिऊन त्यांनी पुन्हा बैल हाकले.

हद्दीपलीकडं पोचेपर्यंत ती तशीच बसून आली. उतरल्यावर तिला सरळ उभं राहता येईना. अप्पांनी पोराला तिच्याकडून घेतलं आणि माझ्यावरच उखडले, "एवढी गाठुडी हुती, एक टेकायला द्यायचं न्हाय व्हय रं तिला?" ती शेजारीच उभी होती, तिनं सगळं ऐकलं.

तिची कंबर पुढं कधी धड राहिली नाही. याचं खापर मी रीतीवर फोडून बघितलं, पण ते तिथं टिकत नाही. अप्पा गेल्यावर एका दुपारी ती शेंगा फोडत बसली होती. मी भिंतीशी उशी लावून दिली आणि म्हटलं, आता टेकून बस, घरात मोठं कुणी उरलं नाही.

"तुमी हाव की," ती म्हणाली आणि तशीच ताठ बसून शेंगा फोडत राहिली.