सातची गोळी अकराला

१९४४ साली माझी पोस्टिंग साताऱ्याजवळच्या एका फौजी दवाखान्यात झाली. नर्सिंग ऑर्डर्ली. लढायला निघालेला गडी घरापासून दहा कोसांवर बेडपॅन उचलू लागला. गावी मात्र मी स्वतःला डॉक्टरच म्हणवून घेत असे.

काम पाठ होतं. हिवतापाला क्विनीन, न्यूमोनियाला दर चार तासांनी सल्फा, खरजेला गंधकाचं मलम. कॉटला टांगलेला तक्ता वाचायचा आणि गोळी द्यायची.

कॉट सातवर महादू होता, न्यूमोनियाचा. बारावर रामा, हिवतापाचा. दोघं इस्लामपूरकडचे, एकाच गावचे.

"बापू, आमाला शेजारी टाक की रं," रामा म्हणाला. "गाववाला जवळ आसला की निम्मा ताप उतरतुया."

मला पटलं. पहाटेच अकरावरचा हिवतापाचा जवान सातवर नेला आणि महादूला अकरावर आणलं. माणसं हलवली, तक्ते जागच्या जागी राहिले. सहाचा आणि दहाचा डोस मी तक्ता वाचून, अगदी ऐटीत दिला.

दुपारी दोनला महादूला धाप लागली. ओठ निळसर झाले.

रामा म्हणाला, "गड्या, ह्यो म्हणतोय आजची गोळी लय कडू हाय. कालची न्हवती."

क्विनीन! तक्ते गुपचूप बदलले असते तर कुणाला कळलं नसतं. पण दोन डोस चुकलेत हे साहेबांना कळायलाच हवं होतं. धावत गेलो आणि दवाखान्याच्या डॉक्टर कॅप्टनसाहेबांना सॅल्यूट ठोकला. तोही टोपीविना, नियम मोडून.

"सर, सातची गोळी अकराला दिली. अकराची सातला. गलती माझी."

"कितने डोस?"

"दोन, सर."

"सल्फा दो, अभी. पानी पिलाते रहो. हटना मत."

चार दिवस हटलो नाही. महादू ग्लानीत "आये, आये" करायचा. मी "ओ" द्यायचो, एवढ्या मिशा असून. पाचव्या दिवशी ताप उतरला. माझ्याकडे बघून तो म्हणाला, "बापू, तूच लय आजारी दिसतोस रं."

मला सात दिवस पिठ्ठूची शिक्षा लागली. पाठीवर ओझं घेऊन मैदानात पळालो. महादू पलटणीत परत गेला आणि पुढच्या साली ब्रह्मदेशाच्या आघाडीवर पडला.

लढाई संपल्यावर त्याच्या गावी गेलो. त्याच्या आईपुढं सगळं कबूल केलं. तिनं एवढंच विचारलं,

"तापात मला हाक मारत हुता?"

"व्हय. मी ओ देत हुतो."

"बरं केलंस लेकरा. आन् तिकडं? तिकडं कुणी ओ दिली आसंल का रं?"

मला ठाऊक नव्हतं. मी तसंच सांगितलं.