मेणाचा डबा उघडण्याआधी

बापू गेल्याचा फोन आला तेव्हा मी पेठ वडगावात एका कपाटाला मेण लावत होतो. हात माखलेले, म्हणून घरमालकांनीच फोन माझ्या कानाला धरला... त्याला आता महिना झाला.

मी गोंदियाकडचा. आठवीत शाळा सोडलेली. तिशीत कोल्हापुरात आलो आणि बापूंच्या पॉलिशच्या दुकानात लागलो. काम जाईल ही धास्ती पहिल्या दिवसापासून. बापू मला 'पावणं' म्हणायचे, पण शिकवताना हातचं राखलं नाही. सागवानाला कुठलं मेण, शिसवाला कुठलं, हात पातळ का मारायचा, सुकल्यावर सुती कापडानं किती घासायचं... मधमाशीच्या मेणानं लाकडाला इतका मऊ उजेड कसा येतो, याचं मला भारी नवल.

त्या नवलातच मी एका जैन आजींच्या पोथी वाचायच्या चौरंगाला ते लावलं. पोचवायला गेलो तर आजींनी वास घेऊन विचारलं, कसलं मेण? मी ऐटीत सांगितलं, मधाच्या पोळ्याचं. आजींनी हात मागे घेतला. मधमाश्यांची हिंसा होते म्हणून त्या घरात मध चालत नव्हता, आणि चौरंग त्यांच्या गेलेल्या यजमानांचा. दुसरा कुठून आणणार?

दुसऱ्या दिवशी बापू स्वतः गेले. मी मागे उभा, आता हिशेब करून घरी पाठवणार या भीतीनं. टर्पेंटाइननं पुसून 'झालं' म्हणता आलं असतं. बापू म्हणाले, "नुसतं पुसून जायाचं न्हाई, आज्जी. रंध्यानं वरचा थर काढाय लागंल. चूक माझी हाय. ह्यो आमचा मानूस, ह्येला मी सांगितलंच न्हवतं."

आजींनी वाकून चौरंग नीट बघितला. मग म्हणाल्या, "काढा की. खाली लाकूड त्येच हाय."

रंधा मारून झाल्यावर बापूंनी मला त्यावर पाण्याचा थेंब टाकायला लावला. मेण उरलं असेल तर थेंब गोल उभा राहतो. हा पसरला, मुरला. मग जवसाचं तेल आणि ताडासारख्या एका परदेशी झाडाच्या पानांपासून निघणारं टणक मेण. घासून घासून माझे दंड भरून आले.

पण खरंच त्यांनी सांगितलं नव्हतं का? मला पुसट आठवतं, पहिल्याच आठवड्यात ते असं काहीतरी बोलले होते आणि मीच घाबरून नुसती मान हलवली होती. विचारीन विचारीन म्हणत राहून गेलं...

आता कुणी काम घेऊन आलं की मी आधी विचारतो, घरात मध चालतो का? परवा एक जण म्हणाला, "लाकडाला मेण लावायचंय ओ, औषध न्हाई चाटवायचं." मी हसलो, आणि उत्तर येईपर्यंत थांबलो.