मुंबई ते नागपूर, अर्धी डहाळी

थोरल्या भावापायी माझं लग्न तीन वर्षं अडलं होतं. मुंबईला चिकटलेला हा गृहस्थ हजर नसेल तर धाकट्याच्या डोक्यावर अक्षता पडायच्या नाहीत, असा आईचा हुकूम. तो का येत नाही? "मुंबई लय दूर हाय," आई साऱ्या गावाला सांगायची. तिकडे आलापल्लीला माझी ठरलेली बायको वाट पाहून एवढी वाळली, की वारा सुटला की बाप तिला खांबाला धरून बसवायचा. खोटं वाटत असेल तर तिलाच विचारा. आता ती खांबाच्या दुप्पट आहे.

आमचं गाव आलापल्लीच्या पुढे, भामरागडच्या वाटेवर. टपाल एक म्हातारा माडिया गोंड आणायचा. मैल त्याला ठाऊक नव्हते. निघताना हिरवी डहाळी तोडून हातात धरायची, तिची पानं माना टाकतील तिथं एक टप्पा संपला, मग दुसरी तोडायची. आलापल्ली आमच्यापासून तीन डहाळ्या.

भावाची पत्रं आईला मीच वाचून दाखवायचो, आणि तिच्या मनाला लागेल ते गाळायचो. त्या दिवशी मात्र डोकं फिरलं. जसंच्या तसं वाचलं: "मुंबई ते नागपूर विमानाने सव्वाचारशे मैल. तीन तासही लागत नाहीत. कंपनीच्या कामासाठी दर महिन्याला जातो. पण नागपूरपुढे तुमची ती रेल्वे, लॉरी, नदी, पायवाट! दोन दिवस कोण घालवणार?"

म्हातारा ओसरीवर पाणी पीत होता. म्हणाला, "मुंबई-नागपूर कित्या डहाळ्या?"

मी बोटांवर हिशेब केला. "अर्धी."

"पानं बी नाई सुकत?"

"नाही."

तो आईकडे वळला. "बाई, मंग तुयं पोरगं तं आलापल्लीहून जवळ रायते."

आईने अशी नजर टाकली की चुलीतला जाळ दोन हात मागं सरकला. "दर महिन्याले नागपुरात येते? आन मी इथी सांगून राह्यली, दूर हाय, दूर हाय!" मग माझ्यावर उलटली. "अन तू? तीन वर्सं वाचून राह्यला, काऊन नाई सांगितलं मले?"

"तुले वाईट वाटंल म्हणून."

"वाईट नाई वाटून राह्यलं. राग येऊन राह्यला! घे, कागद घे. लिही, लग्न येत्या सोमवारी हाय."

"अन ये म्हणून लिहू?"

"नको. पत्र मुंबईले पोचाले किती दिस?"

"आठ-दहा."

"मंग बरं."

मी लिहायला बसलो. तीन वर्षांचा संताप एकदम हातात उतरला. टाक कागदातून पार होऊन पाटात रुतला, पाट फुटला, म्हातारा दचकून अंगणात जाऊन उभा राहिला.

"हळू लिही," आई म्हणाली. "पोचलं पाह्यजे ते."