बुवापाडा वगळून

सई, निनाद,

तयार सोयी न वापरता, संगणकाच्या पायथन भाषेत यादीतून जुळणारी नावं कशी काढून टाकायची, असं तुम्ही फोनवर विचारलंत. मी विषय बदलला. हे काम मी पगार घेऊन केलं आहे, म्हणून आता लिहूनच सांगते.

अंबरनाथचा एक कारखाना, १९९०च्या आसपास. मी तिथं संगणकावर काम करायची. कायम नोकरीसाठी आलेल्या अर्जांची यादी साहेबांनी माझ्या टेबलावर टाकली. शेजारी हिशेब विभागातली, अंबरनाथ पश्चिमेची मुलगी. ती ‘मॅडम’. मी ‘तू’.

साहेब म्हणाले, “पत्त्यात बुवापाडा दिसला की नाव उडव. तिथले आले की लगेच युनियन. तुझ्यासारखी एखादीच निघते.”

मी त्याच वस्तीतली, बुवापाड्याची. मिशनच्या शाळेत शिकलेली, बी.एस्सी. ‘तुझ्यासारखी एखादीच’ हे साहेबांच्या लेखी कौतुक होतं. वडिलांचं काम सुटलेलं, घर माझ्या पगारावर. कामाला बसले.

तेव्हाच्या बेसिक या संगणकभाषेतही यासाठी तयार आज्ञा नव्हती. एकेक ओळ वाचायची. बुवापाडा जुळला की नाव पुसायचं, खालची नावं वर सरकवायची, पुढं जायचं. दुपारी यादी छापून दिली. बुवापाड्याची दोन नावं तिच्यात राहिली होती.

साहेब कागद घेऊन खोलीच्या मधोमध उभे राहिले.

“वा. आपली माणसं बरोबर वाचवलीस. कितीही शिकवा, वस्ती अंगातून जात नाही.”

लोक हसले. मॅडमनी मान वळवली.

चूक मला तिथंच दिसली. बुवापाड्याची दोन नावं लागोपाठ आली, की पहिलं पुसताच दुसरं त्याच्या जागी सरकायचं. यंत्र तोवर पुढच्या ओळीवर. दुसरं नाव तपासलंच जायचं नाही. यादीत अशा दोन जोड्या होत्या. मुद्दाम केलेलं नव्हतं. एवढं सांगितलं असतं तर सुटले असते.

मी सुटलेली ती दोन नावं वाचली. एक आमच्या गल्लीतला फिटर. दुसरी दहावीला माझ्याकडे इंग्रजी शिकलेली मुलगी.

उभी राहिले. “चूक कळली आहे साहेब. मी ती दुरुस्त करणार नाही.”

“मग उद्यापासून येऊ नकोस.”

दोन्ही नावं त्यांनी पेनानं खोडली. माझी नोकरी गेली, पण त्यातून कुणाला नोकरी लागली नाही. वडील कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

तुमचं उत्तर: जागच्या जागी पुसू नका. रिकामी यादी घ्या आणि ठेवायचं तेवढंच तिला जोडत जा. पण यादी माणसांची असेल, तर कशावरून काढायचं ते आधी विचारा. कारण पटलं नाही तर खुर्चीवरून उठा.

तो कारखाना आता नाही. बुवापाडा आहे. माझ्या प्रत्येक कागदावर पत्ता तोच आहे, आणि तो मी बदलणार नाही.