कुसूचे शेवटचे तीन महिने

बाळंतपणाच्या गोष्टी म्हणजे रानातली हरळी. एक मुळी उपटायला जावं, तर दहा हाताला लागतात. परवा नातसुनेला डॉक्टरीणबाईंनी शेवटच्या तीन महिन्यांत काय काय होतं ते समजावून सांगितलं. पाय सुजतील, धाप लागेल, थोडं थोडं सारखं खात राहा, कुशीवर झोपा. मी ऐकत होते आणि मला आमची सासू आठवत होती. आमच्या घरची डॉक्टर तीच! सगळ्या दुखण्यांवर तिचं औषध एकच, काम.

आमचं गाव रहिमतपूरच्या बाजूचं. बांगलादेशाची लढाई होऊन गेली होती, त्या सुमाराची ही गोष्ट. मी थोरली सून. मधली शेवंता. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आमच्यात रीत, पण तिला धाडलंच नाही. आतल्या खोलीत ती गेली, पोटातल्या जिवासकट. मग धाकटी कुसू आली. नवरा मिलिटरीत, जम्मूला. माहेर सांगलीजवळ, मोठा दवाखाना जवळ. दिवस गेल्यापासून तिचा एकच घोष, ‘आक्का, मला तेवढं माहेरी जाऊ द्या.’ आतल्या खोलीत ती झाडायलासुद्धा जात नव्हती.

*

सातव्यात डोहाळजेवण केलं. हिरवं लुगडं, फुलांची वाडी, गल्लीतल्या साऱ्या बाया जेवायला. कुसूपुढं पाच पक्वान्नांचं ताट मांडलं, ओवाळलं, गाणी म्हटली. तिनं पुरणपोळीचा एक तुकडा मोडला, तोच आमच्या सासूनं, आत्याबाईंनी, ताट सरकवलं. म्हणे शेवटच्या महिन्यांत बाईनं पोटभर खाल्लं की पोर मोठं होतं आणि वाटेत अडतं.

बाया हात धुऊन विडा खात बसल्या. एकीनं हौसेनं विचारलं, “कुसू, डोहाळं कशाचं गं लागल्यात?”

कुसू म्हणाली, “जेवणाचं.”

त्याच दिवशी तिचा भाऊ न्यायला आला होता. आत्याबाई म्हणाल्या, ऊसतोड चालू आहे, माणूस कमी आहे, पुढच्या महिन्यात या.

*

मग पाय सुजले. जोडवी बोटांत रुतली, बोटं काळीनिळी पडली. काढायची सोय नव्हती. नवरा सीमेवर, आणि बायकोनं जोडवी उतरवायची म्हणजे अपशकुन! एका दुपारी मी तिला गोठ्यात बसवलं, गोडंतेल चोळून जोडवी उतरवली आणि बोटांना काळा दोरा बांधला. पोरीनं डोळे मिटून घेतले, इतकं तिला बरं वाटलं.

संध्याकाळी आत्याबाईंनी पाय बघितले. मला वाटलं, आता आभाळ कोसळणार. पण त्या शांतपणे म्हणाल्या, “जोडवी निघाली? म्हंजी सूज उतारली. उद्यापास्नं आडावरचं पाणी आण.”

*

आठव्यात भाऊ पुन्हा आला. एस.टी.नं आला होता, बिचारा उन्हानं लाल झालेला. आत्याबाईंनी चहा दिला आणि सांगितलं, आठव्यात पोटुशीनं शीव ओलांडायची नसते, पोराला धोका असतो, एवढं कसं कळत नाही तुम्हाला? तो मान खाली घालून परत गेला.

आता आमचं रान होतं शेजारच्या गावच्या हद्दीत. कुसू रोज डोक्यावर भाकरीची बुट्टी घेऊन तोडकऱ्यांना जेवण पोचवायची. शिवेवरच्या मारुतीला हात जोडायची आणि पुढं जायची. मला राहवलं नाही.

“आत्याबाई, रान तर शिवंपल्याडच हाय न्हवं?”

त्यांनी सुपातला खडा वेचून फेकला. “कामाला जाणाऱ्या बाईला शीव आडवी येत न्हाई.”

*

त्यातच ग्रहण आलं. पोटुशी बाईनं ग्रहणात चिरायचं नाही, शिवायचं नाही, पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही. कुसूला दार लावून घोंगड्यावर बसवलं. हलू नको म्हणून बजावलं. मी बाहेर तळमळत होते, पोरीचा घसा वाळला असेल, पाठ धरली असेल.

ग्रहण सुटल्यावर दार उघडलं, तर ही भिंतीला टेकून गाढ झोपलेली. हलवून उठवलं. डोळे चोळत मला हळूच विचारते कशी, “आक्का, म्होरलं गिराण कवा हाय?”

*

नववा लागला. या खेपेला भाऊ आला नाही, आई आली. रेल्वेनं रहिमतपूरला उतरून, तिथून बैलगाडी करून. आत्याबाई म्हणाल्या, दिवस भरत आलेत, गाडीच्या हादऱ्यानं वाटेत काय झालं तर जबाबदार कोण? आता बाळंतपण इथंच. आतली खोली सारवून घेतली आहे.

विहीणबाई ओसरीच्या कडेला बसली. मी पाणी नेलं, तिनं तांब्याला हात जोडले. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी घ्यायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत. ऊन डोक्यावर आलं तरी बाई हलेना. गल्लीतल्या बाया एकेक करून समोरच्या ओट्यावर जमल्या. पाव्हणी दारात तहानलेली बसली आहे, आणि कुणाच्या? आमच्या!

आत्याबाई घाईनं बाहेर आल्या. “इहीनबाई, लोकं बगाय लागली. पाणी तर घ्या.”

“नातवंडाचं त्वांड बगितल्यावर घीन. तवर बसते हितंच.”

“आवं, असं किती दीस बसशीला?”

“शेवंताची आई बसली न्हाई,” ती म्हणाली. “म्या बसते.”

आत्याबाई आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा कुसूचं गाठोडं त्यांच्या हातात होतं. ते त्यांनी गाडीत टाकलं आणि पदरानं हात पुसले. कुसू माझ्या गळ्यात पडली, मग आईचा हात धरून गाडीत चढली.

गाडी वळणाआड गेली. बाया पांगल्या. आत्याबाई माझ्याकडं वळल्या.

“उद्यापास्नं रानात भाकरी तू न्हे.”

मला त्याच आठवड्यात सातवा लागला होता.