वर निघून गेलेलं हेडिंग
अत्यंत गंभीर निवेदन: एक्सेलमध्ये खाली जाताना हेडिंगची ओळ वर निघून जाणं, याहून मोठं दुःख भल्या माणसाच्या वाट्याला येऊ नये. द्राक्षाच्या पेटीतला गंधकाचा वास आला, की मला दिंडोरी रस्त्यावरचं, परदेशी जाणारी द्राक्षं पेट्यांत भरायचं ते पॅकहाउस आठवतं. तिथली बागांची यादी मी ठेवायचो. यादीत शेकडो बागा, आणि जरा खाली गेलं की कुठली तारीख फवारणीची, कुठली तोडणीची, देव जाणे. चुकलं, तर कालच औषध मारलेल्या बागेत तोडणीची टोळी जायची आणि औषधाचा अंश सापडून माल परदेशातून परत यायचा. मालकांनी तोडगा काढला, “दर दहा ओळींनी हेडिंग पुन्हा टाका.” मी मुकाट्याने टाकत बसलो. सकाळी टोळीच्या मुकादमबाईंचा फोन आला, “शेठ, गाडीत बाया बसून हायेत, कुठल्या बागेत जायचं?” मालकांनी ऐटीत सगळी यादी तारखेनुसार लावली, आणि माझी सगळी हेडिंगं एकजात तळाला जाऊन बसली. वरची ओळ जागेवर गोठवता येते, हे आज मला माहीत आहे. तेव्हा मालक पडद्याकडे बघत फोनवर म्हणाले, “बाई, द्राक्षं राहू द्या, गाडी इकडंच आणा, हेडिंगं वेचायचीत.”