दिवाबत्तीची चढती बोली

निजामाच्या राज्यात हिंगोलीच्या रस्त्यांवर राकेलचे दिवे होते, आणि ते लावायचा गुत्ता, म्हणजे ठेका, दरसाल हर्रासात, लिलावाने निघे. जो सर्वांत कमी पैसे मागेल, त्याला सरकार गुत्ता देई. आमच्या गल्लीतले एक चाचा वर्षानुवर्षे तो घेत. त्यांच्या घरची चूल त्या दिव्यांवरच पेटे.

त्या साली नवे तहसीलदार आले. आधी ते शेंदी-दारूच्या खात्यात होते, आणि तिथल्या हर्रासात बोली फक्त वर चढते. शेरवानी, डोक्यावर दस्तार, पुढे चपराशी, मागे चपराशी. नियम वाचण्याचं काम मात्र यांपैकी कुणाकडेच नव्हतं.

चाचांनी नेहमीचा आकडा सांगितला. तोच हट्टा गावचे एक शेठ मागून ओरडले, "माझे जास्त!" दुकानांकडून दिवाबत्तीचा कर वसूल करायचा हक्क विकायला काढलाय, अशी त्यांची समजूत. असा कर नव्हताच. चाचा घाबरून आकडा उतरवू लागले, शेठ चढवू लागले.

"काहून उतरून राहिले, चाचा? हर्रास हाय का भाजीबाजार?" शेठनी विचारलं.

लोक हसले. तहसीलदारांचा चेहरा खुलला. "एक, दो, तीन!" आणि गुत्ता सर्वांत महागड्या माणसाला गेला. माझी वकिलीची सनद तेव्हा कोरी होती. सरकारी कारभाराबद्दल माझं मत फारसं बरं नव्हतं, तरीही मी थिजलो.

चाचांच्या वतीने मी मुन्सिफाच्या अदालतीत दावा लावला. मागणी एवढीच, की कमी बोलीवाल्याला गुत्ता मिळावा. तोवर शेठना त्यांच्या वकिलाने खरा प्रकार समजावला होता: पैसे द्यायचे नाहीत, उलट सरकारकडून घ्यायचे. शेठ हरखले. त्यांचे वकील नक्षीदार उर्दूत बराच वेळ बोलले. सार असं, की 'तीन' म्हटल्यावर सरकारची जबान फिरत नाही.

मुन्सिफ शेठकडे वळले. "आकडा बोललात तेव्हा मनात काय होतं? द्यायचं की घ्यायचं?"

वकिलाने शेठचा सदरा ओढला. पण भरल्या अदालतीत मागणारा ठरणं शेठना सोसलं नाही.

"द्यायचं, हुजूर! आमी मागणारे न्हाई."

निकाल लगेच झाला. हर्रास कायम. शेठनी बोललेली रक्कम सरकारात भरावी आणि गावाचे दिवेही लावावेत.

शेठनी वकिलाच्या हातून सदरा सोडवून घेतला. सरकारच्या बाजूने हजर असलेल्या तहसीलदारांची पाठ सरळ झाली. दिव्यांतून सरकारला उत्पन्न काढणारे ते पहिलेच असावेत.

"वकीलसाब," चाचांनी बाहेर येताच विचारलं, "आपुन हारलो का जिंकलो?"

"हरलो, चाचा."

"मग घरी काय सांगू?"

मी त्यांच्यासोबत घरापर्यंत गेलो. मागोमाग शेठ टांग्यातून उतरले. "चाचा, दिवे तुमीच लावा. महिन्याला काय घेता?"

चाचांनी सवयीने जुनाच आकडा सांगायला तोंड उघडलं, तर पडद्याआडून चाचींचा आवाज आला, "त्याच्या दुप्पट. और राकेल अलग, सेठजी. काचा फुटल्या तर त्या बी तुमच्याच."

शेठनी माझ्याकडे पाहिलं, समोरच्या पक्षाच्या वकिलाकडे. "साहेब, ह्या निकालावर अपील व्हतं का?"

"होतं," मी म्हणालो. "पण आज संध्याकाळचे दिवे आधी लावावे लागतील."